एका मापाची धार

चर्चमागच्या विहिरीच्या पायऱ्या उतरण्याआधीच प्लंबरच्या मनात पाल चुकचुकली. खाली दगडी कुंडात झऱ्याची धार पडत होती, आणि जरा जास्तच शिस्तीत पडत होती. तीस वर्षं नळ दुरुस्त केलेल्या माणसाला झरा कोणता आणि तोटी कोणती हे डोळे मिटूनही कळतं. झरा अडखळतो, चुळबुळतो. ही धार एका मापाची होती.

बायकोला मात्र त्या धारेचंच वेड. मोतीबिंदू पिकलेला, मंगळवारी ऑपरेशन ठरलेलं, आणि बाईसाहेबांचं एकच टुमणं, "आधी विहिरीचं पाणी डोळ्यांना लावते, मग बघू." त्या 'मग बघू'चीच त्याला धास्ती होती. उद्या म्हणेल, पाण्यानेच बरं वाटतंय, कशाला डोळा कापून घ्यायचा! आणि बसेल आंधळी होऊन.

"झरा उन्हाळ्यात आटत नाही का हो?" त्याने झाडणाऱ्या म्हाताऱ्या राखणदाराला विचारलं.

"आजवर तरी नाही," म्हणत राखणदार उगाचच जोरजोरात झाडू लागला.

झालं. बायको दगडी कठड्याशी चपला काढत होती, तेवढ्यात हा भिंतीमागे गेला. वेलींखाली लोखंडी झाकण, झाकणाखाली गंजका व्हॉल्व्ह. चोर सापडला! आता खरं तर तिला हाक मारून दाखवायचं. पण धंद्याची सवय वाईट. गडबड दिसली की आधी पाणी बंद, बोलणं नंतर. त्याने चाक गच्च आवळलं.

तो परतून पायऱ्या उतरला तेव्हा ती कुंडाशी पोचली होती. कुंडातलं पाणी चालत नसे, पडती धारच ओंजळीत घ्यायची असा तिथला नेम. तिने ओंजळ पुढे केली आणि धार बारीक होत होत थांबली.

"अहो, थांबली," ती म्हणाली. "मी ठरवलं होतं, पाणी मिळालं तर मंगळवारी न घाबरता जायचं. देवालाच नको असेल तर रद्द करा ते ऑपरेशन."

खरं सांगावं तर तिचा धीर जाणार, न सांगावं तर डोळे. स्वतःच्या शहाणपणाची त्याला अशी लाज कधी वाटली नव्हती.

"हलू नकोस. झरा आहे, अडखळतो कधीकधी," म्हणत तो गुडघेदुखी विसरून वर धावला.

राखणदार व्हॉल्व्हपाशीच उभा होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. राखणदाराने वेल बाजूला धरली. प्लंबरने चाक थोडं सैल केलं, थोडं आवळलं, परत सैल केलं, धार अगदी झऱ्यासारखी अडखळेपर्यंत.

तो खाली आला तेव्हा तिचा चेहरा ओला होता. वर चढायला तिने त्याचा हात धरला, तळव्यावरून अंगठा फिरवला आणि थबकली.

"हाताला गंज कसला हो?"

"कठड्याचा लागला."

"कठडा दगडाचा आहे."

तिने त्या धुरकट डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग तिने हात आणखी घट्ट धरला.

"मंगळवारी किती वाजता निघायचं?"