सबब, स्थानक बंद

बंद पडलेल्या स्टेशनच्या इमारतीत वाचनालय सुरू होणार होतं आणि ते चालवणार होती स्टेशनमास्तरांची सून. दाराशी लावायला स्टेशनचा इतिहास हवा होता. "बाबा, एक पान लिहा. एकच," तिने सासऱ्यांना बजावलं. मास्तर चौऱ्याऐंशीचे होते आणि एका पानात त्यांची प्रस्तावनासुद्धा मावत नसे.

त्यांनी नऊ पानं लिहिली. पहिली गाडी कधी आली, स्टेशनचं घड्याळ कसं रोज चार मिनिटं मागे पडायचं आणि सगळं गाव कसं त्याच वेळेवर चालायचं, बाकावर बसल्या बसल्या कोणाकोणाची लग्नं जुळली, एक बकरी विनातिकीट तीन स्टेशनं फिरून कशी परत आली, सगळं होतं. बंद कसं पडलं ते मात्र एका ओळीत उरकलं होतं: 'पुढे काही कारणांमुळे स्थानक बंद झाले.'

सुनेने बकरीसकट आठ पानं खोडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "काही म्हणजे कोणती?"

"गावाला माहीत आहे."

"गाव म्हणतं, सांधेवाल्याने सिग्नल उशिरा दिला आणि तपासायला आलेले साहेब भडकले. तसंच लिहू?"

मास्तर म्हणाले, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं.

खरी हकिगत एवढीच की, इथून रोज किती लोक गाडीत चढतात ते मोजायला वरून एक साहेब येणार होते. आकडा कमी भरला तर स्टेशन जाणार होतं. मास्तरांनी विचार केला, साहेबांचं स्वागत असं करू की ते मोजणंच विसरतील. सगळ्या गावाला इस्त्रीचे कपडे घालून बोलावलं. शाळेची मुलं रांगेत, बँड, टेबलावर चादर. रोज गाडीने जाणारे तेवीस जण होते, त्यांना मास्तरांनी मानाने पहिल्या रांगेत बसवलं. गाडी आली, साहेब उतरले, टाळ्या झाल्या, मास्तरांनी भाषण सुरू केलं. भाषणातून उठून जायला कोणाला बरं दिसेना. गाडी इथून कोणालाच न घेता निघून गेली. अति तिथे माती म्हणतात, ती अशी. साहेब मोजणं विसरले नव्हते.

तीन महिन्यांनी मास्तरांच्या नावे पत्र आलं: 'चढलेले प्रवासी शून्य. सबब, स्थानक बंद.' ते त्यांनी कोणाला दाखवलं नाही. लोकांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, "त्या दिवशी सिग्नल उशिरा पडला ना." नाव त्यांनी कधीच घेतलं नाही, पण स्टेशनवर सिग्नल ओढणारा माणूस एकच होता. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. सांधेवाल्याची दूरच्या फाटकावर बदली झाली. सुट्टीत घरी आला तरी तो केस कापायला गावात जात नसे. त्याची बायको दुकानात भर दुपारी जायची, गिऱ्हाईक नसताना. मास्तरांना लाज वाटत होती. अठ्ठावीस वर्षं वाटत होती, पण लाजेचीही सवय होते.

आता मात्र ते खोटं दाराशी लागणार होतं, काचेत. मास्तरांनी दोन दिवस घेऊन एक पान लिहिलं. सुनेच्या हातात दिलं नाही. टोपी घातली आणि सांधेवाल्याचं घर गाठलं.

सांधेवाला अंगणात सायकलची चेन साफ करत होता. मास्तरांनी चष्मा चढवला आणि मध्ये कुठे न थांबता वाचून काढलं. बँड, पहिली रांग, भाषण, पत्र, आपण काय बोललो ते. तो शिव्या देईल याची तयारी करून ते आले होते. 'जाऊ द्या साहेब' म्हणाला तर काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलं होतं.

सांधेवाल्याने फडक्याने हात पुसले.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"अरे, तुला माहीत नव्हतं?"

"कसं असणार? सिग्नल दोन मिनिटं उशिरा पडला होताच, साहेब. तार अडकली होती. त्यात तुम्ही सांगितलंत. मग तसंच असणार."

इतकी वर्षं मास्तरांना वाटत होतं, हा माणूस खोटा आळ सोसतोय. त्याने तर तो खरा मानला होता. मास्तरांचं ठरवून आणलेलं सगळं बोलणं वाया गेलं. त्यांना रडू येत होतं, पण या अंगणात आपण रडणं शोभेल असं त्यांना वाटेना.

"शेवटचं तेवढं परत वाचा," सांधेवाला म्हणाला.

मास्तरांनी वाचलं.

"थांबा जरा." त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, बाहेर ये. राहू दे ते काम. साहेब वाचतायत."

ती पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यावर बसली. मास्तरांनी पान सरळ केलं आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.