मुक्या खेचराचे कान

मित्रांनो, मी एक जुनं लष्करी खेचर आहे. तिसगावच्या बाजाराच्या कडेला लिंबाखाली बांधलेलं, डाव्या पुठ्ठ्यावर ओंजळभर खड्डा असलेलं, ते मीच. तुम्ही मला कधी ओरडताना ऐकलं नसेल. कसं ऐकाल? माझा आवाज लष्करानं कापून घेतला.

माझी आई घोडी आणि बाप गाढव, त्यामुळे दोन्ही घरची बोलणी खाल्ली. पण हाडानं दणकट निघालो. बेचाळीस साली मला खेचर पलटणीत घेतलं आणि माझी दोरी शांतवनच्या हाती दिली. एकोणीस वर्षांचा पोरगा, याच तिसगावचा, हन्नाबाईंचा एकुलता एक. तो रोज सकाळी मला खरारा करी आणि करता करता बोलत राही. माणसं खेचराच्या कानात काहीही सांगतात. खेचर कुठं चहाडी करणार?

एके दिवशी तो म्हणाला, "सोळाव्या वर्षी बाजारामागं चिलीम वढायला लागलो. दोन वर्षं गांजा वढला. एकदा तारेतच चुलीजवळ लवंडलो, पाय निखाऱ्यात गेला. आईनं वढून काढलं, तिचेच हात भाजले. तवापासून शिवलो न्हाई."

मग खरारा माझ्या मानेवर आणून तो पुढं सांगू लागला.

"भरतीच्या डाक्टरानं इचारलं, कधी नशा केलीस का? मी म्हनलो, कधीच न्हाई. खरं सांगितलं असतं तर हाकलला असता रं मला."

कदाचित हाकललं असतं. कदाचित दोन शिव्या देऊन घेतलंही असतं. ते आता कोण सांगणार?

पुढं आम्हांला जपान्यांशी लढायला ब्रह्मदेशच्या जंगलात न्यायचं ठरलं. खेचर ओरडलं की शत्रूला सुगावा लागतो, म्हणून मला आडवं पाडलं, चारी पाय बांधले आणि जनावरांच्या डॉक्टरानं घशात सुरी घातली. शुद्ध आली तेव्हा तोंडात रक्ताची चव होती. ओरडायला गेलो तर नुसती हवा बाहेर आली. शांतवननं माझं डोकं मांडीवर घेतलं. "आता तुझ्या वतीनं मी बोलीन," तो म्हणाला. "तू फक्त कान हालवायचे."

आणि खरंच तसं झालं. माझे कान पुढं झाले की तो थांबे, हात वर करी. दोनदा आमची तुकडी त्या कानांमुळं वाचली. हवालदार सूर्यभान पारनेरकडचे, शब्दाला कडक माणूस. ते म्हणाले, "शांतवन, नायकाच्या हुद्द्यासाठी तुझं नाव वर धाडतो." त्या दिवशी शांतवननं मला स्वतःच्या वाटणीचा गूळ चारला. लढाईनंतरही पलटणीत राहायचं, आईला छावणीत आणायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण तुकडीत मच्छिंद्र होता, शेजारच्या गावचा. वाईट नव्हता हो. सगळ्यांना हसवायचा. चहा पिताना सहज बोलून गेला, "शांत्या नायक? आमच्या बाजारातला सगळा धूर ह्याच्याच नाकातून निघायचा! चिलीम ह्याची, काडी माझी!"

सगळे हसले. सूर्यभान हसले नाहीत.

"भरतीला सांगितलं हुतं का रं हे?"

शांतवननं नकारार्थी मान हलवली. मच्छिंद्रानंही सांगितलं नव्हतं, पण त्याला कुणी विचारलंच नाही.

"तू पीत हुतास म्हनून न्हाई," सूर्यभान म्हणाले. "पन खोटं बोलून आत आलास. तुझ्या शब्दावर मी मानसं कशी सोडू?" नाव काही धाडलं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका घळीत उतरत होतो. दोन्ही बाजूंना बांबूचं दाट बेट. वाऱ्यावर मला अनोळखी घामाचा वास आला. माझे कान पुढं ताठ झाले, पाय रोवले गेले.

"हवालदारसाहेब, बांबूत मानसं हायत!" शांतवन म्हणाला.

"तुला दिसली?"

"मला न्हाई. ह्याला कळली."

"ह्यानंबी दोन दम मारले वाटतं!" मच्छिंद्र म्हणाला. पुन्हा हशा झाला. चार दिवसांपूर्वी याच शब्दावर अख्खी तुकडी थांबली असती. सूर्यभान क्षणभर घुटमळले, मग म्हणाले, "चला पुढं."

वीस पावलं गेलो असू. बांबू फुटल्यासारखे कडकडले. माझ्या पुढच्या खेचराचं पोट उसवलं आणि ते स्वतःच्याच आतड्यांत पाय अडकून पडलं. मच्छिंद्राच्या ओठांवरचं हसू पुसायच्या आत गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. तो बोलायला बघत होता आणि माझ्यासारखी नुसती हवा बाहेर येत होती. मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, मित्रांनो. कुणालाच ऐकू आलं नाही.

एक धगधगता तुकडा माझ्या पुठ्ठ्यात शिरला. शांतवननं खोगिराचे दोर सपासप कापले, दारूगोळा ढकलून दिला आणि सूर्यभानना माझ्या पाठीवर आडवं टाकलं. त्यांचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता. त्यांचं रक्त माझ्या मानेवरून डोळ्यांत उतरलं. आम्ही तांबड्या अंधारातून पळालो. अकरा जण घळीत उतरले होते, पाच वर आले.

सूर्यभाननी दवाखान्यातून पलटणीच्या साहेबाला कळवलं, "त्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही." साहेबानं शांतवनला बोलावून भरतीचा कागद पुढं धरला. "हे खरं आहे?" या वेळी शांतवननं सगळं सांगितलं. साहेबानं त्याची पाठ थोपटली, पण कागदावरचं खोटं काही पुसलं गेलं नाही. लढाई संपली. पलटणीत कुणाला ठेवायचं याची यादी लागली, त्यात शांतवनचं नाव नव्हतं. मलाही लंगडा म्हणून लिलावात काढलं. हन्नाबाईंनी कानांतल्या कुड्या विकल्या आणि शांतवननं मला घरी आणलं.

आता आम्ही विटा वाहतो. परवा बाजारात पोरं भोवती जमली. एकानं विचारलं, "शांतवनकाका, हे वरडत का न्हाई?"

"त्याचा आवाज डाक्टरानं कापला," तो म्हणाला.

"दुखलं आसंल!"

"व्हय. पन त्याला बांधून पाडलं हुतं, बाळा. माझा शब्द मीच घालवला, मला कुनी बांधलं नव्हतं."

पोरांना ते कळलं की नाही, कोण जाणे. मित्रांनो, बाजारामागं अजून चिलीम फिरते. कुणी म्हणेल, एक दम मार, काय होतंय? तेव्हा हन्नाबाईंचे हात बघून या. आणि ओढून बसला असाल, तर आजच घरी सांगा. आई रागावेल, रडेलही, पण ऐकून घेईल. घळीत उतरल्यावर कुणी ऐकत नाही.

धुराचा वास आला की माझे कान अजून ताठ होतात. मी पाय रोवतो. शांतवन विटा तिथंच टाकतो आणि चिलीम ओढणाऱ्या पोरांना हाक मारत बाजारामागं चालू लागतो.