सिनकै रस्त्यावरचे आठवे घर

मी सिनकै रस्ता बोलतोय. सिनकै म्हणजे नवा रस्ता. वय ऐंशीच्या पुढे गेले, पण नाव बदलायचे कुणाला सुचले नाही. मलाही त्याची लाज नाही.

तैवानच्या डोंगराखाली हक्का लोकांनी मला बांधले. समुद्रापलीकडून आलेल्या या लोकांना सगळे पाहुणे म्हणत. पण त्यांनी बांधकाम पाहुण्यासारखे केले नाही. दोन्ही अंगांना मिळून लाल विटांची बावीस घरे उभी केली. चुन्यात गूळ आणि चिकट तांदळाची पेज घातली. त्या वर्षी माणसांनी रताळी खाल्ली आणि पेज भिंतींना पाजली. कूळ ज्या मुलखातून निघाले, त्याचे नाव प्रत्येकाने दारावर कोरले.

प्रत्येक घराने आपल्या जागेतली पाच पावले पुढे सोडली, वर कमानी घातल्या आणि ती वाट सगळ्यांची केली. देवळापासून नदीपर्यंत माणूस डोक्यावर ऊन न घेता जाई. दोन घरांत भिंत एकच. शेजाऱ्याशी भांडण झाले तरी पाठीला पाठ लावूनच राहावे लागे.

चुंग शिनथोंग आठव्या घरात जन्मला. माझ्या कमानींखाली रांगला, तिथेच अक्षरे गिरवली आणि पुढे शाळेत गुरुजी झाला. शेजारच्या नवव्या घरात फान क्युनमोई लग्न होऊन आली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. नवरा गेल्यावर क्युनमोईने मोहरीचा पाला मिठात पायांनी तुडवला, माझ्या कठड्यांवर वाळवला, विकला आणि तीन मुले वाढवली. तिचे आणि गुरुजींचे रोज जुंपे.

"वहिनी, तुमच्या पाल्याच्या वासानं माझी पुस्तकं आंबली."

"बरं झालं. आता तरी चव आली असेल त्यांना."

पुढे दुकाने बंद पडली. पोरे शहरात गेली. कमानींखाली मोटारसायकली उभ्या राहू लागल्या. ते मी सोसले. म्हातारपणी कोण विचारतो?

मग शहरातला एक बांधकामवाला आला. त्याला इथे दहा मजले चढवायचे होते. त्याच सुमारास सरकारी कचेरीतून निरोप आला. बावीसही मालकांनी महिनाअखेरपर्यंत एका कागदावर सहीऐवजी आपापल्या नावाचे शिक्के उठवून दिले, तर रस्ता जपला जाईल. मग एकही घर पाडता येणार नाही.

कागद गुरुजींनी लिहिला. पहिला शिक्काही त्यांचाच. क्युनमोई तो घेऊन घरोघर फिरली. गुरुजींचा शिक्का पाहिला की लोक आपला काढत. एक औषधवाला लो तेवढा अडून बसला.

"काकू, उद्या माझ्या पोराला वर मजला चढवायचा झाला तर?"

"पाच वर्षांत तुझं पोर फिरकलं नाही. मजला काय कबुतरांसाठी चढवतोस?"

लो हसला आणि शिक्का शोधू लागला.

बावीस पुरे झाले. क्युनमोईला वाचता येत नव्हते, म्हणून कागद कचेरीत न्यायचे काम गुरुजींनी अंगावर घेतले.

"दिलात का, गुरुजी?"

"दिला, वहिनी. साहेबांनी चहासुद्धा पाजला."

महिना संपला आणि चार दिवसांनी सकाळी पाडकामाचे यंत्र आठव्या घरासमोर येऊन उभे राहिले. क्युनमोई पाला तुडवायच्या पिंपातून तशीच उतरली आणि मिठाच्या ओल्या पायांनी यंत्रापुढे धावली.

"थांबा! आमचा कागद आहे कचेरीत. बावीस शिक्के आहेत त्यावर!"

"आजी, कचेरीची परवानगी घेऊनच आलोय," मुकादम म्हणाला. "तिथं कसलाही कागद आलेला नाही. आणि हे घर मालकानं विकलंय."

गुरुजी कमानीखाली खाली मान घालून उभे होते.

"गुरुजी, सांगा की याला!"

त्यांची मान आणखी खाली गेली. मग तिला उमगले.

"कुठं टाकलात कागद? बावीस घरांची नावं कुठल्या उकिरड्यावर फेकलीत?"

तेव्हा मात्र त्यांची मान ताठ झाली. आमच्याकडे लिहिलेला कागद कुणी फेकत नाही, पायदळी येऊ देत नाही. देवळाजवळ विटांचा एक लहान मनोरा आहे. जुन्या वह्या, पत्रे, पंचांगे त्यात उदबत्ती लावून जाळतात आणि राख नदीत सोडतात. गुरुजी चाळीस वर्षे ते काम करत होते. दगा त्यांना पचला, हा आळ पचला नाही.

"मी अक्षरं उकिरड्यावर टाकीन? मी? मनोऱ्यात जाळला कागद. उदबत्ती लावली, तीनदा नमस्कार केला!"

काय बोलून बसलो हे त्यांना मागाहून कळले. तोवर सगळा रस्ता दारात आला होता.

"शिनथोंग," क्युनमोई म्हणाली, "नमस्कार कुणाला केलास?"

गुरुजी झाल्यापासून तिने त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. ते निघून गेले.

कागद जाळला त्या दिवशी त्याला मनोऱ्याकडे जाताना मी पाहिले होते. पाठीवर नेहमीची कागदांची टोपली होती. मला वाटले, रोजचेच काम. माझ्याच अंगावरून चालत तो मला जाळायला गेला.

आठवे घर दुपारपर्यंत संपले. क्युनमोईच्या घराला लागून असलेली मधली भिंत उघडी पडली आहे. तिच्यावर गुरुजींच्या जिन्याची खूण आणि तुळयांची भोके दिसतात. वरून खाली तडा गेला आहे. कमानींची वाट सातव्या घरापाशी तुटते. पुढच्या दोन महिन्यांत आणखी पाच घरे विकली गेली. औषधवाला लो म्हणाला, "गुरुजींनीच विकलं, मग आम्ही काय येडे?" क्युनमोई नवा कागद करायला कचेरीत गेली. बावीस शिक्के लागतील, असे तिला सांगितले. आता बावीस घरेच नाहीत.

मला वाचवा असे मी म्हणणार नाही. हात पसरायची माझी रीत नाही. एवढेच सांगतो, कुणी तुमच्या दारी शिक्का मागायला आले आणि तुमच्या मनात नसेल, तर नाही म्हणा. दार लावून घ्या, हव्या तर शिव्या द्या. ऐंशी वर्षे मी या दारांतून नकार ऐकले, शिव्या ऐकल्या. त्यांनी माझी एक वीट हलली नाही.