पेटीवरची इरली

मित्रांनो, मी एक जुना लष्करी टेलिफोन आहे. मला तबकडी नाही, बाजूला एक दांडा आहे. तो फिरवला की तारेच्या दुसऱ्या टोकाला माझ्या जोडीदाराची घंटा वाजते. माझी घंटा मात्र माझी मला वाजवता येत नाही. ती वाजवायला दुसरं कुणीतरी लागतं.

एकाहत्तरच्या लढाईत मी खंदकात होतो. चिखलाने माखलो, तोफांनी हादरलो, पण एकही निरोप अडू दिला नाही. जवान मला स्वतःच्या कांबळ्यात गुंडाळून ठेवायचे. पुढे मी बेंगळुरूच्या एका प्रशिक्षण केंद्रात आलो. नव्वदनंतर तिथे नवे वायरलेस संच आले आणि आम्हा दोघांची रवानगी लाकडी पेटीत झाली.

ती पेटी ठेवलेलं कोठार शंभूराजअण्णांकडे होतं. ते चामराजपेटचे, घराणं तीनशे वर्षं बेंगळुरूतलंच, म्हणून त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेली. एकदा नवे कॅप्टन विद्याधर पाहणीला आले. ते सावंतवाडीचे.

"अण्णा, या पेटीचं काय?"

"इरली, सर," शिडीवरूनच अण्णा म्हणाले.

कन्नडात इरली म्हणजे असू दे. पण साहेबांच्या गावी भातलावणीला पावसात डोक्यावर घेतात, ती इरली! इथले जुने मराठी लोक रेनकोटला असंच म्हणत असतील, असं समजून त्यांनी पेटीवर ठळक अक्षरांत 'रेनकोट' रंगवून घेतलं. अण्णांची लवकरच दुसऱ्या विभागात बदली झाली. मी आतून सगळं ऐकलं होतं, पण बोलणार कसा? अंधारात नुसता तडफडत राहिलो.

सत्त्याण्णव साली मोठा सराव झाला. शत्रू करील तशा वायरलेसच्या लहरी मुद्दाम बुजवून पाहिल्या, आणि एकूणएक नवे संच खरखरत बसले. दुसऱ्या दिवशी संगणकांसाठी कोठार रिकामं व्हायचं होतं आणि जुने रेनकोट म्हणून माझी पेटी भंगारात जायची होती. साहेबांनी अण्णांना बोलावून तारेचे फोन कुठे आहेत म्हणून विचारलं. अण्णांनी माझ्या पेटीकडे बोट दाखवलं.

"त्यात रेनकोट आहेत. तुम्हीच इरली म्हणालात ना?"

अण्णा म्हणाले, "सर, इरली म्हणजे राहू दे. टाकू नका, म्हटलं होतं मी."

झाकण उघडलं. किती वर्षांनी उजेड पाहिला! तार जोडली, पलीकडे जोडीदाराचा दांडा फिरला आणि माझी घंटा खणखणली. तारेवरचा आवाज कुणालाच बुजवता आला नाही. सराव पार पडला, साहेबांनी माझी पाठ थोपटली. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, आता यांचं काय करायचं? साहेब हसून म्हणाले, "इरली."

या वेळी कुणाचाच गैरसमज झाला नाही. झाकण पुन्हा बंद झालं.

मित्रांनो, जुनं टाकलं नाहीत म्हणजे जपलंत असं समजू नका. अधूनमधून झाकण उघडा, दांडा फिरवून बघा. मी आत जागाच आहे, पण माझी घंटा मला वाजवता येत नाही.