जमनीच्या माळ्याची शिडी

मित्रांनो, मी एक घडीची शिडी आहे. दारव्ह्याजवळच्या एका तांड्यात, संजयच्या घरी, माळ्याच्या तोंडाशी बसवलेली. दोरी ओढली की मी झाकणासकट खाली उतरते, ढकललं की वर जाऊन गप्प बसते.

मला खेमसिंग वेल्डरनं घडवलं. त्यानं माप घेतलं ते वैशाखात, घर रिकामं असताना. दिवाळीनंतर याच घरात छतापर्यंत कापूस भरतात, हे त्यालाही ठाऊक होतं अन् घरच्यांनाही. पण रिकाम्या घरात ते कोणाला आठवतं! मग ठरलं, कापसाच्या दिवसांत माझ्याखालची जागा मोकळी सोडायची.

मला बसवलं त्या दिवशी संजयची आई, म्हातारी जमनी, सर्वांत आधी चढली. "पोरी, तुह्या भरवशावर चढून राह्यली हं," मला म्हणाली. चार वर्षं तिनंच माझ्या बिजागऱ्यांना खोबरेल लावलं. बाकीच्यांना मी अडगळ वाटे.

यंदा होळी चार दिवसांवर आली, तेव्हा जमनी आपला आरशांचा घागरा, म्हणजे फेटिया, काढायला माळ्यावर गेली. तेवढ्यात शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन ट्रॅक्टर दारात आला. जागा पुरेना. संजयनं वर न बघताच मला ढकललं आणि माझ्याखाली कापूस ओतला. पोरांनी तुडवत तुडवत तो झाकणाला भिडवला. जमनीला कमी ऐकू येतं. ती गाठोडं घेऊन आली तर वाट बंद!

"संजय! अरे, मी वर हाय रे!"

तिचा आवाज कापसानं गिळला. वर टिनपत्रं तापलेली, प्यायला पाण्याचा थेंब नाही. ती झाकणावर हात आपटत होती. मी जीव तोडून खाली रेटत होते, पण चार बोटंही सरकले नाही. उघडणं हे माझं एकमेव काम, आणि तेच मला जमेना! मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

"पोरी, उघड नं वं," ती पुटपुटली. मग तिचा हात थांबला.

खाली सगळे जेवले. म्हातारी शेजारी गेली असेल, असं प्रत्येकाला वाटलं. चार वाजले, रोज जमनी चहा ठेवायची ती वेळ झाली, तेव्हा संजय म्हणाला, "आज चहा काहून नाही झाला?"

त्याची मुलगी बबिता एकदम ओरडली, "बाबा, आजी फेटिया काढाले माळ्यावर गेलती!"

संजय उठून माझ्याकडे धावला. दोन्ही हातांनी तो कापूस उपसू लागला. "याडी! याडी ये!" आईला हाका मारत त्यानं अर्धा कापूस अंगणात फेकला. मी धाडकन खाली कोसळले.

जमनी वर माळ्याच्या तोंडाशीच निपचित पडली होती. तोंडात पाणी सोडल्यावर बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले. समोर संजय दिसला.

"तुहा चहा राह्यला नं रे?" तिनं विचारलं.

संजय माझ्या पायरीवर बसून हमसून हमसून रडला.

मित्रांनो, मला तेल द्यायला विसरलात तरी चालेल. पण मला वर ढकलण्याआधी एकदा हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. वरच्या माणसाला कमी ऐकू येत असेल.