होलमतच्या खिशातला भोपळा

मी एक जुना भोपळा आहे, मुठीत मावेल एवढा. भाजीचा नव्हे हो, मित्रांनो! माझ्या पोटात नोस असते. तंबाखू, राख आणि चुन्याची ती हिरवट भुकटी आमच्या फरगाना खोऱ्यातले पुरुष जिभेखाली धरतात.

सायकल दुरुस्त करणाऱ्या होलमतने मला अंगणातल्या वेलावर वाढवलं. कोवळा होतो तेव्हाच कमरेला दोरा बांधून त्याने मला आकार दिला. मग छपरावर वाळवलं, आतून खरवडलं आणि कातड्याचं बूच बसवलं. चहाखान्यात माझं कोण कौतुक! "होलमत, पोरगी दाखवायला आणल्यासारखा नटवलायस की रे भोपळा!" असं म्हणत सगळे मला हातात घेऊन बघायचे. मीही फुगायचो. काय जळलं होतं फुगण्यासारखं, ते तेव्हा कळलं नाही.

नोस तोंडात असली की माणसाला बोलता येत नाही. बोलायला गेलं तर लाळ गळते. संध्याकाळी होलमत अंगणातल्या खाटेवर तोंडात गुळणी धरून बसायचा. त्याचा चौदा वर्षांचा मुलगा एलमुरोद शाळेतलं काहीबाही सांगायला यायचा. होलमत नुसती मान हलवायचा. पोर थोडा वेळ उभं राहायचं आणि निघून जायचं.

मला भरून आणायचं कामही एलमुरोदचंच. एकदा चहाखान्यात कुणीतरी म्हणालं, "दे की त्याला चिमूटभर, मर्द होऊ दे!" होलमत हसला आणि त्याने खरंच दिली. पोराचे डोळे पांढरे झाले, तो भडाभडा ओकला. मंडळी मांड्या थोपटून हसत होती. मला त्या हसण्याची भीती वाटली, पण भोपळ्याचं कोण ऐकतो?

त्यानंतर दुपारी, होलमत झोपला की, दोन बारीक बोटं माझ्या पोटात उतरू लागली. मी लवकर रिकामा व्हायला लागलो. होलमत कुरकुरायचा, "याला भोक पडलं की काय!" एवढंच. पोराकडे त्याचं लक्ष गेलं नाही.

लक्ष गेलं ते कोबिलचं. हा विशीतला पोरगा मोबाईलच्या दुकानापाशी उभा असायचा. मी तेव्हा एलमुरोदच्या खिशात होतो. कोबिल म्हणाला, "ही म्हाताऱ्यांची चैन सोड, भावड्या. शुक्रवारी शीळ घालतो, बाहेर ये. एक गोळी गिळ, मग बघ कसा उडतोस!"

त्या संध्याकाळी एलमुरोद खाटेपाशी आला. "बाबा, एक विचारू?" होलमतचं तोंड भरलेलं होतं. त्याने हातानेच 'नंतर' अशी खूण केली. पोराचा चेहरा असा उतरला की मला रडू आलं.

शुक्रवारी जेवणं झाली आणि एलमुरोद बूट घालू लागला. त्याच्या आईने, ओयनिसाने, विचारलं, "कुठे निघालास रे?" त्याने नुसती मान हलवली. ती चमकली. तिने त्याची हनुवटी धरली. "तोंड उघड. उघड म्हणते ना!"

आत हिरवं होतं. होलमत हात उगारून उठला, ओरडायला गेला, आणि हिरवी लाळ त्याच्याच दाढीवर ओघळली.

"अहो, आधी स्वतःचं तोंड रिकामं करा," ओयनिसा म्हणाली, "मग त्याच्यावर हात उगारा."

बाहेर शीळ वाजली.

होलमतने हात खाली घेतला. तो थुंकला, चूळ भरली आणि पोराजवळ बसला. "बोल बाबा. मी मारणार नाही."

एलमुरोदने सगळं सांगितलं. शीळ पुन्हा वाजली, या वेळी फाटकाच्या अगदी जवळ.

"जायचंय तुला?" होलमतने विचारलं.

"हो," पोर म्हणालं. "आणि भीतीपण वाटतेय."

"मग चल, मीही येतो."

दोघं फाटकात गेले. कोबिल दात काढून म्हणाला, "काय काका, द्या की चिमूटभर!" होलमतने बूच काढून मला गटारात उपडं केलं. कोबिल हसतच राहिला. "दोन दिवसांत परत भराल!"

खोटं नव्हतं ते. होलमतचा हात माझ्याकडे अजून येतो. मग तो हाक मारतो, "एलमुरोद, आज राहवत नाही रे. तुला?" "मलाही नाही, बाबा." दोघं चहा घेऊन बसतात आणि पोर काहीबाही बोलत राहतं. उद्या बसतील की नाही, मला ठाऊक नाही. शीळ अजून येते.

मित्रांनो, शुक्रवारची ती गोळी वाया गेली नाही. पलीकडच्या गल्लीतल्या मिरसईदने ती घेतली, आणि मग पुढच्याही. त्याच्याकडे बघायला घरात कुणाला सवड नव्हती. आता सवडच सवड आहे. त्याची आई कामधंदा सोडून दिवसभर त्याच्या उशाशी बसते. म्हणून हात जोडून सांगतो, पोरांनो, घरी कुणी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा, बाही ओढून सांगा. आणि थोरांनो, पोर जवळ येऊन उभं राहिलं तर त्याला 'नंतर' म्हणू नका. मिरसईदची आई त्याला रोज विचारते, "राजा, मी कोण?" तो छताकडे बघत राहतो.