चौथ्या पायाखालची घडी

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुतारकाकांनी मला घडवलं तेव्हा माझे चारही पाय सारखे होते, हे आधीच सांगून ठेवते. चौथा पाय झिजला तो घरातल्यांनी मला फरशीवरून ओढून ओढून. उचलायचं म्हटलं की आई, बाबा, ताई सगळ्यांच्याच जिवावर यायचं! मग बसण्याआधी कागदाची घडी करून त्या पायाखाली सरकवायची, अशी या घराला सवयच लागली.

मित्रांनो, बाबांचा कारखाना बंद पडला, तेव्हा आईने मुलींच्या वसतिगृहात देखरेखीच्या कामासाठी अर्ज केला. ते काम नाही मिळालं तर ताईचं कॉलेज सुटणार होतं. मुलाखतीच्या सरावासाठी आठवडाभर रोज दुपारी आई माझ्यावर बसायची आणि समोर पलंगावर बसून ताई प्रश्न विचारणारी साहेब व्हायची.

"बाई, अनुभव काय तुमचा?"

"अनुभव? अठरा वर्षं तुम्हा बापलेकींना सांभाळतेय, तो काय कमी आहे?"

"आई, असं नाही गं बोलायचं!"

"बरं बाई, परत विचार."

माझ्या पाठीला तिच्या घामाचा ओलावा लागायचा. मला तिची फार काळजी वाटायची, पण खुर्चीने धीर द्यायचा तरी कसा? मी आपली न डुगडुगता उभी राहायचे.

मुलाखतीहून आली ती आई धपकन माझ्यावरच बसली.

"घोटाळा झाला गं. तिथली खुर्ची डुगडुगत होती. मी सवयीने फाईलमधला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि वाकून पायाखाली सरकवला. वर बघते तर मॅडम टक लावून बघतायत. आणि कागद कुठला, तर त्यांना द्यायचा अर्जच!"

ताईने कपाळावर हात मारला. "अगं आई! मग?"

"मग काय, पाठ केलेलं सगळं विसरले. त्यांनी विचारलं, 'कामावर आल्यावर आधी काय कराल?' मी म्हटलं, 'खुर्च्या बघीन.'"

चौथ्या दिवशी पत्र आलं. काम मिळालं होतं! मायलेकी एकदमच माझ्यावर बसल्या. माझे सांधे करकरले, पण मी हूं की चूं केलं नाही. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

आता त्या वसतिगृहात एकही खुर्ची डुगडुगत नाही म्हणे. आई स्वतः समोर उभी राहून सुताराकडून दुरुस्त करून घेते. ऐकून अभिमान वाटतो, आणि जरा वाईटही वाटतं. मित्रांनो, वस्तू ओढू नका, उचला. झिजली तर वेळीच दुरुस्त करा. आणि सुरुवात आपल्या घरापासून करा, कारण माझ्या चौथ्या पायाखाली अजूनही कागदाचीच घडी आहे.